चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचं शिपिंग

२००७ ची गोष्ट. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी न्यू जर्सीत होतो आणि माझ्या डिजिटल कॅमेऱ्याची डेटा केबल कुठेतरी हरवली. दुकानात विचारलं तर पंचवीस डॉलर म्हणाले, एका केबलचे! ऑफिसमधला एकजण म्हणाला अरे ईबे म्हणून लिलावाची साइट आहे, तिच्यावर बघ, तिथे असल्या गोष्टी कवडीमोल मिळतात, म्हणून रात्री जेवण झाल्यावर शोधत बसलो आणि खरंच ९९ सेंटला केबल दिसली. बोली लावली, दुसरं कुणी आलंच नाही, दुसऱ्या दिवशी तुम्ही जिंकलात म्हणून ईमेल आला, आणि पैसे भरायला गेलो तर एकूण रक्कम १५ डॉलर ९४ सेंट. केबल ९९ सेंट, शिपिंग अँड हँडलिंग १४ डॉलर ९५ सेंट.

आठवड्याने पोस्टाने आली. साधं पिवळं पाकीट, आतून बबलचं अस्तर, आणि उजव्या कोपऱ्यात टपालखर्चाचा छापील स्टिकर. त्यावरचा आकडा मी दोनदा वाचला, दीड डॉलरसुद्धा नव्हता. म्हणजे पाकीट, स्टिकर, चिकटपट्टी सगळं धरलं तरी दोन डॉलरच्या आत काम झालेलं. आणि वर त्या केबलची पिन माझ्या कॅमेऱ्यात बसेना. सेलरला लिहिलं तर तो अगदी सभ्य भाषेत म्हणाला, परत पाठवा, वस्तूची पूर्ण किंमत देतो. पूर्ण किंमत म्हणजे ९९ सेंट, कारण शिपिंग परत मिळत नाही असं त्याच्या नियमात होतं, आणि परत पाठवायला मलाच दीड डॉलर लागणार होते.

त्या वेळी नुसता राग आला होता. पण नंतर हा प्रकार नीट समजून घेतला तेव्हा लक्षात आलं की हा एखाद्या सेलरचा हावरटपणा एवढाच विषय नाहीये, साइटची फी, सर्चची यादी, परतीचे नियम आणि आपल्या डोक्याची आकडेमोड, ह्या चारही गोष्टींना तेव्हा एकाच ठिकाणी भोक होतं, शिपिंगच्या रकान्यात. आणि पाणी जसं उताराकडे जातं तशी किंमत तिथे जाऊन बसली.

आधी फी समजून घेऊ, कारण मूळ तिथे आहे.

ईबे ही साइट १९९५ मध्ये पियर ओमिड्यार यांनी कॅलिफोर्नियात सुरू केली. तिची रचना अशी की साइट स्वतः काही विकत नाही, ती फक्त विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देते आणि त्याबद्दल विकणाऱ्याकडून पैसे घेते. थोडे पैसे वस्तू यादीत टाकताना आणि बाकीचं कमिशन वस्तू विकली गेली की अंतिम बोलीवर. आता वस्तू पाठवायची कशी, कितीला, कुठल्या सेवेने, हे सगळं दोघांनी आपापसात ठरवायचं असं धरलेलं, त्यामुळे कमिशन फक्त बोलीच्या रकमेवर लागायचं, शिपिंगवर नाही. सुरुवातीला हे बरोबरच होतं, कुणी जुनं पुस्तक विकतोय आणि पोस्टात तीन डॉलर भरतोय तर त्या तीन डॉलरवर साइटने हक्क का सांगायचा?

पण आता हिशोब बघा. २००० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत पहिल्या २५ डॉलरवर कमिशन ५.२५ टक्के होतं. समजा सेलरला गिऱ्हाइकाकडून एकूण २५ डॉलर हवेत आणि खरा टपालखर्च ३ डॉलर आहे. सरळ माणूस काय करेल, वस्तू २२ ला आणि शिपिंग ३, म्हणजे कमिशन साधारण १ डॉलर १५ सेंट. दुसरा काय करेल, वस्तू १ डॉलरला आणि शिपिंग २४, म्हणजे कमिशन जेमतेम ५ सेंट. गिऱ्हाइकाच्या खिशातून दोन्हीकडे २५ च गेले, पण दुसऱ्याने प्रत्येक वस्तूमागे १ डॉलर १० सेंट वाचवले. एखाद्या वस्तूत हे काहीच वाटत नाही, पण महिन्याला हजार केबली विकणाऱ्याचे अकराशे डॉलर झाले की. शिवाय यादीत टाकायची फीसुद्धा सुरुवातीच्या बोलीवर ठरायची, बोली जितकी कमी तितकी फी कमी, म्हणजे तिथेही बचत.

मग सर्च. लोक काय करतात, स्वस्त आधी दाखव म्हणतात. बराच काळ ती यादी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागायची. आता एक सेंटची वस्तू आणि २४ डॉलरचं शिपिंग असलेला माणूस पहिल्या ओळीत आणि २२ अधिक ३ वाला सरळ माणूस तिसऱ्या पानावर. मला ह्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही वाटते, की ह्या पद्धतीत फसवणाऱ्याला नुसता फायदा होत नव्हता तर प्रामाणिक माणूस दिसायचाच बंद होत होता. मग त्याच्यापुढे दोनच रस्ते, एकतर तोही तसंच करायला लागणार नाहीतर धंदा गुंडाळणार.

परतीचं मी वर सांगितलंच. वस्तूची किंमत परत, शिपिंग नाही, असा नियम जिथे असेल तिथे २५ डॉलरपैकी २४ डॉलर सेलरच्या खिशात कायमचे सुरक्षित, वस्तू कशीही असो.

आता आपल्या डोक्याचा भाग. हा मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा वाटतो, कारण शिपिंग लपलेलं असेल तर एकवेळ समजू शकतो, पण समोर स्पष्ट लिहिलेलं असतानाही माणसं जास्त पैसे देतात हे कसं? तनजिम हुसेन आणि जॉन मॉर्गन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हे ईबेवर प्रत्यक्ष करून बघितलं आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी काय केलं, संगीताच्या सीडी आणि एक्सबॉक्सचे गेम, अगदी तेच तेच, वेगवेगळ्या पद्धतीने लिलावात लावले. एका पद्धतीत बोली ४ डॉलरपासून सुरू आणि शिपिंग शून्य. दुसरीत बोली १ सेंटपासून सुरू आणि शिपिंग ३ डॉलर ९९ सेंट. नीट बघा, दोन्हीकडे घेणाऱ्याला कमीत कमी ४ डॉलरच मोजावे लागणार, काहीही फरक नाही, आणि शुद्ध हिशोबाने बोली लावली तर दोन्हीकडे शेवटी एकूण रक्कम सारखीच यायला पाहिजे. पण आली नाही. १ सेंटवाल्या लिलावात जास्त लोक आले आणि शिपिंग धरून एकूण पैसे जास्त मिळाले.

का? एक कारण असं सांगतात की आपण मनात दोन वेगवेगळे गल्ले ठेवतो, एक वस्तूचा आणि एक पाठवणावळीचा. बोली लावताना आपण पहिल्याच गल्ल्याकडे बघतो, सात डॉलरला मिळतोय म्हणजे स्वस्तच आहे, आणि दुसरा गल्ला हा काय लागायचाच आहे म्हणून सोडून देतो, रिक्षाचं भाडं आपण भाजीच्या किमतीत धरत नाही तसंच. आणि कमी आकड्याने सुरू झालेल्या लिलावात एकदा हात घातला की मग तो आपलाच आहे असं वाटायला लागतं आणि कुणी वर गेलं की आपणही जातो. ह्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, की सीडीचं शिपिंग ६ डॉलरपर्यंत नेलं, म्हणजे एकूण किमतीचा मोठा हिस्सा शिपिंगच झाला, तेव्हा मात्र हा जादा फायदा दिसला नाही. म्हणजे लोक अगदीच आंधळे नसतात, अति झालं की डोळे उघडतात. म्हणूनच मुरलेला सेलर २४ डॉलर लावत नाही, तो तीनच्या जागी साडेसात लावतो आणि ते आपल्याला खटकतही नाही. माझी केबल उघड उघड लूट होती, पण लोकांचे जास्त पैसे ह्या साडेसातवाल्यांकडेच जात असतील असं मला वाटतं.

ह्याच दोघांनी जेनिफर ब्राउन यांच्याबरोबर पुढे तैवान आणि आयर्लंडमधल्या लिलावात आयपॉड विकून बघितले, ते २०१० मध्ये छापून आलं. तिथे असं दिसलं की शिपिंग लपवलेलं असेल तर ते वाढवल्याने सेलरची एकूण कमाई वाढते, आणि शिपिंग कमी असेल तर ते उघड दाखवणंच सेलरच्या फायद्याचं असतं. हे दुसरं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याचं शिपिंग खरोखर वाजवी आहे त्याला ते झाकायचं कारणच नाही. म्हणून जिथे शिपिंग शोधावं लागतं, खाली बारीक अक्षरात असतं किंवा विचारा म्हणून लिहिलेलं असतं, तिथे आधी थांबा.

आता सेलरची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल, आणि मी स्वतः पुण्यातून काही वर्षं जुनी पुस्तकं कुरिअरने पाठवली आहेत त्यामुळे हे मला हाताने माहीत आहे. टपालाचं तिकीट म्हणजे शिपिंग नाही. खोका लागतो, बबल रॅप लागतो, टेप लागते (ती किती लागते हे पहिल्यांदा पॅक करणाऱ्याला कळतच नाही), लेबल छापायला कागद आणि शाई, आणि मग पोस्टात जाऊन रांगेत उभं राहायचं, त्यात अर्धा दिवस जातो. शिवाय हलकी पण मोठी वस्तू असेल तर कुरिअरवाले वजनावर नाही तर आकारावर पैसे घेतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची आणि बहुतेक हवाई कुरिअरमध्ये ५००० ने भागायचं, येईल ते किलो. म्हणजे ४० बाय ३० बाय ३० सेंटीमीटरचा खोका, आत एक किलोचा लॅम्पशेड, तरी बिल सात किलोच्या पुढचं लागणार. घेणाऱ्याला वाटतं एवढ्याशा वस्तूला एवढे पैसे, पण तिथे सेलर खरं बोलत असतो. तेव्हा स्टिकरवरचा आकडा आणि घेतलेले पैसे ह्यात थोडा फरक असणारच, एक-दोन डॉलर, शंभर रुपये, ते हँडलिंगचे म्हणून मान्य करायला हवेत. फरक दुप्पट-तिप्पट असेल आणि वस्तू पाकिटात मावणारी असेल तर मात्र तो हँडलिंगचा खर्च नाही, वस्तूचीच किंमत आहे.

आता हे भोक बुजवलं कसं. नियम आधीपासून होता की शिपिंग अँड हँडलिंग वाजवी असावं, फी चुकवायला वापरू नये, पण वाजवी म्हणजे किती हे कोण ठरवणार आणि लाखो लिस्टिंग, म्हणजे विक्रीला टाकलेल्या वस्तूंच्या नोंदी, कोण तपासणार, तक्रार केली तर एखादी लिस्टिंग निघायची आणि दुसऱ्या दिवशी तीच परत. २००७ मध्ये ईबेने तारे आणले, म्हणजे नुसतं चांगलं-वाईट न सांगता चार गोष्टींना एक ते पाच तारे द्यायचे, वस्तू सांगितल्यासारखी होती का, बोलणं कसं होतं, किती दिवसांत पाठवली, आणि चौथी गोष्ट शिपिंग-हँडलिंगचे पैसे. ह्याने थोडा धाक बसला. पुढे सर्चमध्ये किंमत अधिक शिपिंग अशी बेरीज करून स्वस्त आधी लावायची सोय आली, त्यामुळे एक सेंटवाले पहिल्या ओळीतून खाली गेले.

पण खरा घाव बसला तो जुलै २०११ मध्ये. तेव्हापासून अमेरिकेतल्या ईबेने कमिशन नुसत्या बोलीवर न लावता शिपिंग धरून एकूण रकमेवर लावायला सुरुवात केली. बस्स, मग वरचा तो १ डॉलर १५ सेंट विरुद्ध ५ सेंटचा हिशोबच संपला, किंमत ह्या रकान्यात ठेवा नाहीतर त्या रकान्यात, कमिशन तेच. नियम, धाक, तक्रारी ह्या सगळ्यांनी जे इतकी वर्षं जमलं नव्हतं ते हिशोबाची एक ओळ बदलल्याने बरंचसं जमलं. मला स्वतःला हा निर्णय योग्य वाटतो, पण त्याचा भुर्दंड कुणाला पडला हेही सांगितलं पाहिजे. जड वस्तू विकणारे सरळ लोक, म्हणजे जुनी शिलाई मशीन, पुस्तकांचे गठ्ठे, लोखंडी अवजारं विकणारे, ज्यांचं खरंच तीस-चाळीस डॉलर टपाल होतं आणि ज्यातला एक सेंटही त्यांच्याकडे राहत नव्हता, त्यांना त्या टपालावरही कमिशन भरावं लागायला लागलं. त्यांनी आरडाओरडा केला आणि तो रास्त होता. चोरांसाठी लावलेलं कुलूप घरच्यांनाही उघडत बसावं लागतं, तसं झालं.

मग फ्री शिपिंगची लाट आली. ते बरंच आहे, कारण किंमत एकाच आकड्यात दिसते आणि तुलना करता येते, पण ते फुकट नसतं एवढं डोक्यात ठेवायचं, टपालाचे पैसे वस्तूत मिसळलेले असतात. म्हणून एकाच सेलरकडून चार वस्तू घ्यायच्या असतील तर फ्री शिपिंगमध्ये तुम्ही चार वेळा टपाल भरताय, आणि वेगळं शिपिंग लावणारा एकत्र पाठवायला तयार असेल तर तोच स्वस्त पडतो. पण त्याला पैसे भरायच्या आधी विचारायचं, सगळं एका खोक्यात पाठवाल ना आणि एकत्र बिल कराल ना म्हणून. भरल्यानंतर विचारलं तर बहुतेक जण परत करायला खळखळ करतात, आणि काही जण चार शिपिंग घेऊन एकाच खोक्यात पाठवतात, हा फुगवण्याचाच एक प्रकार.

आपल्याकडे लिलावाच्या साइटी तशा रुजल्या नाहीत. बाझी डॉट कॉम होती, ती २००४ मध्ये ईबेने घेतली आणि ईबे इंडिया झाली, २०१७ मध्ये तो कारभार फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये साइट बंद झाली. पण रोग आपल्याकडेही आहेच, ९९ रुपयांचं कव्हर आणि शेवटच्या पानावर डिलिव्हरी, हँडलिंग, पॅकिंग असं करत करत २३०. किंमत अशी थेंब थेंब वाढवत न्यायची, शेतातल्या ठिबकसारखी. ह्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे साइटवर गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे १३ प्रकार दिलेत आणि ड्रिप प्रायसिंग, म्हणजे किंमतीतले घटक आधी न सांगता शेवटी काढणं, हा त्यातला एक. असं झालं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करा. पण एक फरक ध्यानात घ्या, शिपिंग आधीच, किमतीशेजारी, स्पष्ट लिहिलेलं असेल तर ते कितीही फुगवलेलं असलं तरी ह्या प्रकारात बसणं अवघड आहे, कारण लपवलेलं काही नाही. तिथे आपली बेरीज आपणच करायची.

ती कशी करायची ते माझ्या भाच्याचं उदाहरण देऊन सांगतो. तो नाशिकला असतो, जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचा नाद आहे, आणि परदेशातल्या लिलावांवर डोळा ठेवून असतो. मागच्या दिवाळीत फोन आला, मामा, इंग्लंडमधून एक लेन्स आहे, पाच पाउंडवर आहे अजून, किती लावू? मी विचारलं शिपिंग किती, तर म्हणाला थांब बघतो, आणि दोन मिनिटांनी, अडतीस पाउंड. म्हटलं आता किती लावू हे विचारू नकोस, आधी हे सांग की ही लेन्स घरी पोचेपर्यंत तू जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहेस, शिपिंगसकट, कस्टमचं वेगळं धरून. तो म्हणाला साठ. मग साठातून अडतीस गेले, राहिले बावीस. तुझी बोली बावीस. साइटवर आपण कमाल आकडा टाकून ठेवतो आणि समोरचा वाढवेल तसतशी साइट आपल्या वतीने तेवढ्यापुरतीच वाढवत जाते, त्यामुळे बावीस एकदाच टाकायचे आणि लॅपटॉप बंद करायचा. कुणी तेवीस केले तर ती लेन्स आपल्याला एकसष्टला पडणार होती, म्हणजे आपण ठरवलेल्यापेक्षा महाग, सोडून द्यायची.

आणि मी त्याला सांगितलं, त्याच लेन्सच्या दुसऱ्या लिस्टिंगा काढ आणि प्रत्येकीपुढे कागदावर दोन नाही, एकच आकडा लिही, बेरजेचा. तासाभराने त्याने कागदाचा फोटो पाठवला. पाच पाउंडवाली त्रेचाळीसपासून सुरू होत होती. आणि खाली एक होती, थेट विक्रीची, लेन्स पस्तीस आणि शिपिंग चौदा, एकूण एकोणपन्नास, जिच्याकडे त्याने आधी किंमत बघून ढुंकूनही पाहिलं नव्हतं. लिलावातली लेन्स एकतीस पाउंडला गेली, म्हणजे घेणाऱ्याला एकोणसत्तर पडली. भाच्याने एकोणपन्नासवाली घेतली, लाकडाचा भुसा भरलेल्या खोक्यात आली, आणि त्यावरच्या तिकिटाचा आकडा होता बारा पाउंड आणि काही पेन्स.